आरशातलं दूरदर्शन

टीव्ही दुरुस्त करणारा माणूस टीव्ही मागून पाहतो. संचाची पाठ त्याच्याकडे आणि तोंड पलीकडे. चित्र कसं आलंय ते कळावं म्हणून पडद्यासमोर एक आरसा टेकवलेला. भोकरदनात कृष्णधवल संचांचा काळ होता तेव्हा दूरदर्शनचा दिवस मी असा डावं-उजवं उलटलेल्या आरशात पाहिला. सलमा सुलतान बातम्या द्यायला बसल्या की घरातली मंडळी त्यांच्या केसांतला गुलाब पाहायची. मला तो विरुद्ध कानामागे दिसायचा. हात पिक्चर ट्यूबच्या पंधरा हजार व्होल्टांशेजारी असल्यामुळे गोष्टीत फार गुंतून चालत नसे. मालिकेत कोण कुणावर रुसलं ते मला उशिरा कळायचं, पण त्या रुसलेल्या चेहऱ्याची उजवी कड दुहेरी दिसतेय हे लगेच कळायचं.

माझा सगळ्यात आवडता कार्यक्रम गावात दुसरं कुणी पाहत नसे. प्रक्षेपण सुरू होण्याआधी काही वेळ पडद्यावर चौकटी, एक मोठं वर्तुळ, बारीक उभ्या रेघा आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्या असं एक चित्र स्थिर उभं असे. सोबत एकसुरी शिट्टी. लोक आवाज बंद करून चहा ठेवायला उठत. मी मात्र त्यासाठी धावतपळत पोचायचो. वर्तुळ वरून चेपलेलं दिसलं तर उभ्या दिशेच्या सर्किटचं काम. बारीक रेघा एकमेकींत मिसळल्या तर ट्यूनिंग हललंय. करड्या पायऱ्यांतल्या दोन गडद पायऱ्या एकच वाटल्या तर ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट नीट बसलेले नाहीत. हलत्या चित्रात हे दोष लपतात, कारण माणूस नाचणाऱ्याकडे बघतो, वर्तुळाकडे नाही. शिवाय प्रक्षेपण बंद असताना छतावर चढून काही उपयोग नव्हता. हवेत लहरच नसेल तर अँटेना कशाकडे फिरवायचा? दुकान दिवसभर उघडं असलं तरी छतावरच्या कामाची वेळ दूरदर्शन ठरवायचं.

आमच्याकडचं चित्र म्हैसमाळहून यायचं. खुलताबादजवळचा तो डोंगर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे. भोकरदनहून सरळ रेषेत तो साठ-पासष्ट किलोमीटर पडतो, पश्चिमेला आणि जरासा दक्षिणेकडे. गावातल्या सगळ्या अँटेन्यांची तोंडं त्यामुळे एकाच बाजूला असत. या लहरी जवळपास सरळ जातात, म्हणून उंचवट्यावरच्या घरात चित्र काचेसारखं आणि केळणा नदीच्या बाजूला उतारावरच्या घरात मुंग्या, असं एकाच गल्लीत घडायचं.

अँटेन्याची रचना जपानमधल्या यागी आणि उदा या दोघांनी १९२६ साली जगापुढे मांडली. मागे जरा लांब नळी, मधे घडी घातलेला डायपोल आणि पुढे क्रमानं आखूड होत जाणाऱ्या नळ्या. डायपोलची लांबी लहरीच्या निम्म्यानं ठरते. मुंबई केंद्राच्या चौथ्या चॅनेलला ती दोन मीटरहून जास्त लागे, तर पाचव्यापासून पुढच्या चॅनेलांना पाऊण मीटरच्या आसपास पुरे. पुढच्या नळ्या वाढवल्या की पकड वाढते, पण नजर अरुंद होते. लांबचं ऐकायचं तर बाकीच्या दिशांना बहिरं व्हावं लागतं. मग वारा सुटला किंवा वानरानं पाइपाला झोका घेतला की चित्र गेलंच. बूस्टर लावा म्हणणारे पुष्कळ होते. बूस्टर मुंग्याही तितक्याच इमानानं वाढवतो, हे त्यांना पटवायला वेळ लागायचा. त्यापेक्षा पाइप आणखी दहा फूट वर नेणं बरं. चपटी वायर पाइपाला चिकटू द्यायची नाही, तिला अंतराअंतरावर पीळ द्यायचा. उन्हानं तिचं प्लास्टिक तडकतं आणि पहिल्या पावसात पाणी आत शिरून चित्र फिकं पडतं. मृगाच्या सरी आल्या की माझं काम वाढायचं ते यामुळेच.

सगळ्यात गमतीचा दोष म्हणजे भूत. माणसाशेजारी त्याचीच फिकी सावली. लहर थेट आली, आणि तीच कुठल्या तरी पत्र्याच्या शेडवर आपटून पुन्हा आली, की असं होतं. चित्राची एक रेघ डावीकडून उजवीकडे सेकंदाच्या बावन्न दशलक्षांश भागात आखली जाते आणि लहर एका दशलक्षांशात तीनशे मीटर जाते. वीस इंची पडद्याची रुंदी साधारण चाळीस सेंटिमीटर. म्हणजे भूत एक सेंटिमीटर उजवीकडे सरकलं असेल तर ते जवळजवळ चारशे मीटरचा वळसा घालून आलंय. शेड घराच्या थेट मागे असेल तर ती दोनशे मीटरवर सापडणार. पट्टी पडद्यावर धरायची आणि गल्लीत जाऊन पत्रा शोधायचा. घरमालकाला तो चमत्कार वाटे, पण होती ती नुसती त्रैराशिकाची आकडेमोड.

संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागायचा आणि त्याच सुमारास पडदा दोन्ही बाजूंनी आकसायचा. रानात मोटारी चालू असत, व्होल्टेज पडलेलं असे. पिकाला पाणी कसं द्यावं हे सांगणारा अधिकारी ते पाणी चालू असल्यामुळेच बारीक व्हायचा! इलाज एकच, स्टॅबिलायझर. पडद्यावरून एक काळसर पट्टा संथ वर सरकत असेल तर मात्र दोष विजेच्या तारेत नाही, संचातल्या पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर सुकलाय. नुसती एक झगझगीत आडवी रेघ उरली असेल तर उभी दिशा पसरवणारं सर्किट गेलंय. पडदा काळा आणि आवाज ठीक, तर आधी बीयू २०५ ट्रान्झिस्टर तपासायचा.

रात्री सगळा देश एकत्र यायचा. इन्सॅट १बी ऑगस्ट १९८३मध्ये अवकाशात गेला आणि १९८४मध्ये गावोगाव लहान प्रक्षेपक उभे राहू लागले. त्यांना सुरुवातीला उपग्रहावरून दिल्लीचाच कार्यक्रम मिळे. ‘गजरा’ किंवा ‘चिमणराव’ मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांकडून ऐकायचे आणि पाहायचं ‘हम लोग’, अशी मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांची तऱ्हा होती. रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले चित्रपट दाखवत. त्यात मराठीची पाळी आली की आदल्या दिवसापासून माझ्या दुकानात निरोप यायचे.

प्रक्षेपण १९८२पासून रंगीत झालं होतं, आमचे संच करडेच होते. काहींनी पडद्यावर वर निळा, मधे गुलाबी, खाली हिरवा असा पारदर्शक कागद लावला होता. त्यात आभाळ निळं दिसायचं आणि माणूस जवळ आला की त्याचं कपाळही निळं. साडी कोणत्या रंगाची असेल यावर बायकांच्या पैजा लागत. उजेडाच्या हिशोबात हिरव्याचा वाटा सगळ्यात मोठा आणि निळ्याचा सगळ्यात लहान. म्हणून गडद निळी साडी जवळपास काळी दिसते, लाल आणि गर्द हिरवी एकाच करड्यात जमा होतात. पैजेचा निकाल मी कधी दिला नाही, कारण तो पडद्यावर नव्हताच.

‘रामायण’ २५ जानेवारी १९८७ला सुरू झालं आणि रविवारची सकाळ माझी राहिली नाही. संचाला झेंडूचा हार घालत, पुढे उदबत्ती लावत. हार मागच्या जाळीवर पडून आतली गरमी कोंडली जाई, म्हणून तो हळूच पुढे सरकवणं हे माझं पहिलं काम. मग छतावर. खालून अंगणातून आरोळी यायची, “मिस्त्री, थांबा थांबा, दिसू राह्यलं!” आणि हात काढला की, “गेलं हो, गेलं!” पाइपाजवळ माणूस उभा असला की त्याच्या अंगानंही लहर बदलते, त्यामुळे ते रडगाणं खोटं नसे. मधेच ‘रुकावट के लिए खेद है’ची पाटी आली की सगळे हळहळायचे आणि मी निवांत व्हायचो. पाटी स्वच्छ वाचता येतेय, म्हणजे आपल्या गावचं काम चोख आहे. घोटाळा दिल्लीकडे.

आता प्रसार भारतीनं ते जुने प्रक्षेपक बंद केलेत. २०२२पर्यंत जवळपास सगळेच गेले. मी डिश बसवतो. त्यावर चित्र येतं तेव्हा पूर्ण येतं, आणि जातं तेव्हा मधेमधे चौकोन सांडून एकदम जातं. चित्र आजचंच चांगलं, यात वाद नाही. पण जुनं चित्र बिघडतानाही बोलायचं. दोष कुठे आहे, किती आहे, छतावर आहे की पेटीत, हे ते स्वतः सांगायचं, आणि अंगणातली आजीसुद्धा त्या तपासात सामील असायची. दुकानात शिकायला येणारी पोरं आज पाठ उघडून सरळ बोर्ड बदलतात. त्यांना मी एवढंच सांगतो, पेचकस नंतर घ्या. आधी पाच मिनिटं समोर बसा आणि पडदा वाचा.