शून्य म्हणजे सगळं ठीक!

आमच्या होस्टेलवर माणसांना नावं नसतात, गावं असतात. माझ्या रूममध्ये एक परभणी आहे, एक सांगली आहे आणि तिसरा मी, म्हणजे जुन्नर. रेक्टर सरांच्या रजिस्टरमध्ये आमची खरी नावं आहेत म्हणे. पण ती फक्त मेसचं बिल थकलं की ऐकू येतात. ही गोष्ट सांगलीची आणि माझी. खरं सांगायचं तर त्याच्या द्राक्षांची आणि माझ्या वीस-बावीस ओळींच्या प्रोग्रामची.

सांगली मेकॅनिकलचा. घरी द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड. शेडमध्ये जाळ्यांवर द्राक्षं वाळायला साधारण दोन आठवडे लागतात, मध्येच अवकाळी पाऊस आला की वर्षाची कमाई जाते. म्हणून त्यानं मिनी प्रोजेक्टला सौर ड्रायर घेतला. पत्र्याची पेटी, वर काच, आतून काळा रंग आणि भंगारातल्या कॉम्प्युटरचा पंखा. रेक्टर सरांना दोन अर्ज आणि एक विनवणी करून गच्चीची किल्ली मिळाली. आत एक सेन्सर बसवला, तो दर दहा मिनिटांनी तापमान एका मेमरी कार्डावर लिहायचा. द्राक्षांचं वजन मात्र सांगली दिवसातून तीनदा स्वतः करायचा आणि पेन्सिलीनं वहीत लिहायचा. घरी वडील तसंच लिहितात, म्हणून. (तिसऱ्या दिवशी वजन एकदम चाळीस ग्रॅमनं घटलं. ते बाष्पीभवन नव्हतं, परभणी होता.)

मेमरी कार्डही परभणीच्याच जुन्या मोबाइलमधलं, उसनं. त्यामुळे रोज रात्री फाइल लॅपटॉपवर घ्यायची, कार्ड पुसायचं आणि परत द्यायचं. सांगलीचा लॅपटॉप दुरुस्तीला गेलेला, म्हणून हे सगळं माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालायचं. चौदा दिवस, चौदा फाइली. हे वाक्य लक्षात ठेवा.

आता रूममध्ये एक कॉम्प्युटरचा विद्यार्थी बसलेला असताना मेकॅनिकलवाल्यानं हातानं आलेख काढायचे म्हणजे आमच्या ब्रँचचा अपमान! मी म्हटलं, "थांब रे, पायथनमध्ये लिहून देतो. दहा मिनिटांचं काम."

पायथन ही भाषा गिडो व्हॅन रॉसम या डच गृहस्थानं १९८९ च्या अखेरीस, नाताळच्या सुट्टीत लिहायला घेतली. तेव्हा तो ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत होता. १९९१ मध्ये ती जगापुढे आली. आपण सुट्टीत काय करतो हा प्रश्न इथे विचारू नये. या भाषेची ख्याती अशी की खेळण्याबरोबर बॅटऱ्याही मिळतात. म्हणजे भाषेसोबत एक भलंमोठं भांडार येतं, त्याला स्टँडर्ड लायब्ररी म्हणतात. त्यातली तीन कपाटं थेट ऑपरेटिंग सिस्टिमशी बोलणारी. 'ओएस' हे फोल्डर बनव, फाइलचं नाव बदल, फाइल पुस असले निरोप खाली पोचवतं. 'सिस' आपल्याच चालू प्रोग्रामची माहिती देतं आणि शेवटी त्याला निरोपही देतं. तिसरं 'शटिल', म्हणजे शेल युटिलिटीज. हे घाऊक कामं करतं, अख्खी फोल्डरं हलव, अख्खी फोल्डरं उडव.

सिलॅबसमध्ये ही कपाटं कोणी नीट उघडून दाखवत नाही. आपण सॉर्टिंग शिकतो, ट्री शिकतो, आणि फाइल पुसणं ही काय शिकायची गोष्ट आहे असं समजतो. मीही तसंच समजत होतो.

खरं म्हणजे हे कपाट फार सभ्य माणसांनी लिहिलंय. ओएसमधलं 'आरएमडिर' घ्या. ते फोल्डर काढतं, पण फोल्डर रिकामं असेल तरच. आत एक जरी फाइल असली तरी ते नकार देतं. वर्षअखेरीला रूम सोडताना आपले रेक्टर सर जसे आधी कपाट उघडून बघतात, अगदी तसं. याउलट शटिलमधलं 'आरएमट्री'. त्याला फोल्डर दाखवा, ते आतली सगळी फाइल-फोल्डरं मुळासकट साफ करतं. विचारत नाही, मोजत नाही, आणि रिसायकल बिन वगैरे भानगडीत पडत नाही. रिसायकल बिन ही डेस्कटॉपची सोय आहे, खालच्या मजल्यावर ती नाही.

माझा प्रोग्राम असा होता. आधी चौदा फाइली वाचायच्या. मग 'आलेख' नावाच्या फोल्डरमध्ये जायचं. तिथलं जुनं सगळं पुसायचं. मग नवे आलेख काढून तिथे ठेवायचे. चार पायऱ्या, त्यात चुकण्यासारखं काय आहे?

पहिले दोन दिवस काहीतरी बारीकसारीक चुकायचं आणि स्क्रीनवर भराभरा एररच्या ओळी यायच्या. सांगली घाबरून रात्री एक वाजता मला उठवायचा. "जुन्नर, काहीतरी आलंय बघ." झोपमोड टाळण्यासाठी मी एक युक्ती केली. जिथे जिथे एरर येऊ शकते ती प्रत्येक ओळ 'ट्राय'मध्ये घातली आणि खाली लिहिलं, 'एक्सेप्ट, पास'. म्हणजे, प्रयत्न कर. जमलं नाही तर गप्प बस आणि पुढे चल. ओरड बंद झाली. मला वाटलं, प्रोग्राम सुधारला.

एका दुपारी सांगलीनं सरांना दाखवायला जुने आलेख वेगळे काढले, म्हणजे 'आलेख' या फोल्डरचं नाव बदलून 'आलेख जुने' केलं. त्यात त्याचं काहीच चुकलं नाही. मग तो जेवायला गेला आणि जाताना म्हणाला, "नवीन काढून ठेव रे."

मी प्रोग्राम चालवला. चौदा फाइली वाचल्या गेल्या. 'आलेख'मध्ये जा, अशी आज्ञा गेली. असं फोल्डरच नव्हतं. लिनक्सनं प्रामाणिकपणे दोन नंबरची एरर पाठवली, अशी फाइल किंवा फोल्डर अस्तित्वात नाही. पायथननं ती उचलून माझ्या हातात दिली. आणि मी काय लिहून ठेवलं होतं? गप्प बस आणि पुढे चल.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण माझं घोडं तिथेच पेंड खात होतं. चालू असलेला प्रत्येक प्रोग्राम कुठल्यातरी एका फोल्डरमध्ये 'उभा' असतो. 'इथलं सगळं पूस' म्हटलं तर 'इथलं' म्हणजे तो उभा आहे तिथलं. कोपऱ्यातला कचरा काढ, असं सांगितलं तर कुठल्या खोलीतला, हे सांगणाऱ्याच्या मनावर नाही, ऐकणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं. आपण कुठे उभे आहोत हे विचारायला ओएसमध्ये 'गेट-सीडब्ल्यूडी' आहे. एका ओळीचं काम. मी ते विचारलं नव्हतं. माझा प्रोग्राम 'आलेख'मध्ये गेलाच नाही. तो सांगलीच्या प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्येच उभा होता, आणि तिथलं सगळं त्यानं पुसलं.

चौदा दिवसांच्या फाइली गेल्या. ड्रायरचे फोटो, अर्धा लिहिलेला रिपोर्ट, 'आलेख जुने', सगळं गेलं. माझा प्रोग्रामही त्याच फोल्डरमध्ये होता. त्यानं स्वतःलाही पुसलं. आणि मग, फाइली आधीच वाचून झालेल्या असल्यामुळे, त्या रिकाम्या फोल्डरमध्ये त्यानं शांतपणे चौदा सुबक आलेख काढून ठेवले. खाली अक्षरं आली, 'काम पूर्ण'.

मी टर्मिनलमध्ये शेवटचा एक्झिट कोड विचारला. प्रत्येक प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवतो. शून्य म्हणजे सगळं ठीक. एक ते दोनशे पंचावन्न म्हणजे काहीतरी बिघडलं. बिघडण्याचे इतके प्रकार, ठीक असण्याचा एकच. उत्तर आलं, शून्य.

सांगली जेवून यायला वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत माझ्या डोक्यात जे आलं ते इथे लिहितोय, कारण ते लिहिल्याशिवाय या लेखाला काही अर्थ नाही. मला वाटलं, लॅपटॉप जुना आहे. हार्ड डिस्क गेली म्हणून सांगावं. त्याला कुठे कळणार आहे? प्रोग्रामही शिल्लक नाही, म्हणजे पुरावाही नाही. द्राक्षांचा हंगाम संपत आलाय, पुन्हा रीडिंग घ्यायला वेळ नाही, तो माझ्याशी आयुष्यभर बोलणार नाही. एक ओळ लिहिली की काम भागतंय. एक्सेप्ट, पास.

तो आला. हातात माझ्यासाठी मेसमधली दोन केळी होती. ती केळी नसती तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. मी म्हटलं, "सांगली, तुझ्या सगळ्या फाइली मी पुसल्या. हार्ड डिस्क नाही गेली. माझी चूक आहे."

तो काही बोलला नाही. खाली बसला, स्क्रीनकडे बघितलं, चौदा आलेख एकेक करून उघडून पाहिले. मग गच्चीवर गेला. रात्री परभणी त्याला बोलावून घेऊन आला.

मी लॅब असिस्टंट काकांना फोन केला. ते पहिलं वाक्य बोलले, "लॅपटॉप बंद कर, काहीही सेव्ह करू नकोस." त्यांनी समजावलं ते असं. ओएसमध्ये फाइल पुसणाऱ्या 'रिमूव्ह'चं दुसरं नाव 'अनलिंक' आहे, आणि तेच खरं नाव. युनिक्सच्या पद्धतीत फाइल आणि फाइलचं नाव या दोन वेगळ्या गोष्टी. आपण पुसतो ते नाव. शेवटचं नाव गेलं आणि ती फाइल कोणी उघडून बसलेलं नसलं, की ती जागा मोकळी समजली जाते. पण त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुना मजकूर तिथेच पडून असू शकतो. नव्या एसएसडीमध्ये ही आशा फार कमी, कारण ती मोकळी जागा स्वतःच साफ करत बसते. माझी जुनी फिरती डिस्क त्या दिवशी आमच्या कामी आली.

दुसऱ्या दिवशी काकांनी पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला आणि फोटोरेक नावाचा प्रोग्राम लावला. तो नावं बघत नाही, डिस्कवरचा मजकूरच चाचपून फाइली ओळखतो. रात्री आठपर्यंत हजारो निनावी फाइली निघाल्या. आम्ही तिघं बसून त्या उघडत होतो. परभणीची जुनी असाइनमेंट, माझा न पाठवलेला एक मजकूर (तो परभणीनं मोठ्यानं वाचला), आणि मध्येच तापमानाचे आकडे. चौदापैकी नऊ दिवस मिळाले. पाच दिवस गेले ते गेलेच.

त्या पाच दिवसांचे आलेख मात्र होते. सांगलीनं पट्टी लावून त्यावरून आकडे वाचले आणि रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलं की या पाच दिवसांची मूळ रीडिंग नष्ट झाली आहेत, हे आकडे आलेखावरून घेतलेले आणि अंदाजे आहेत. मी म्हटलं, "हे लिहिलंच पाहिजे का? मार्क कापतील." तो दोन दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलला, "तू मला खरं सांगितलंस ना? मग मी सरांना का नको सांगू?" सरांनी व्हायवाला त्यावर चार प्रश्न विचारले. वजनाची वही मात्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत शाबूत होती. पेन्सिलीला आरएमट्री लागू होत नाही.

नंतर मी तो प्रोग्राम पुन्हा लिहिला. आता तो कुठल्याही फोल्डरमध्ये 'जात' नाही, पूर्ण पत्ता घेऊन काम करतो. पुसण्याआधी तो पत्ता स्क्रीनवर दाखवतो आणि विचारतो. जुनं पुसत नाही, तारखेच्या नावानं बाजूला ठेवतो. तात्पुरत्या गोष्टींसाठी 'टेंपफाइल' नावाचं आणखी एक कपाट आहे, ते स्वतःचं वेगळं फोल्डर उघडून काम झालं की तेवढंच आवरतं. ज्या एररचं काय करायचं हे मला माहीत आहे तेवढीच मी पकडतो. बाकीच्या वर जाऊ देतो. त्या वर जाण्यासाठीच असतात. वर कोणीतरी असतं, ज्याला त्यांचं काय करायचं ते माहीत असतं.

हे कळलं तेव्हा मला दुसरंच काहीतरी आठवलं. चौथ्या सेमिस्टरला माझे दोन विषय राहिले होते. घरी माहीत नव्हतं. आई दर रविवारी फोनवर विचारायची, "कसं चाललंय?" आणि मी म्हणायचो, "ठीक." सात महिने, दर रविवारी, एक्झिट कोड शून्य.

त्या रविवारी मी तिला सांगितलं. मला वाटलं ती रडेल किंवा बाबांकडे फोन देईल. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे? आणि फी किती?"

सात महिने मला न सुटलेला प्रश्न तिनं दोन वाक्यांत हातात घेतला. एक विषय आता सुटलाय. दुसऱ्याचा निकाल यायचा आहे.

सांगलीच्या घरून परवा बेदाण्याचा डबा आला. त्यानं रूममध्ये वाटप केलं, मला मूठभर जास्त दिले. नवा प्रोग्राम मात्र तो आजही स्वतःच चालवतो. 'पुसू का?' असा प्रश्न आला की आधी माझ्याकडे बघतो, मग पत्ता मोठ्यानं वाचतो, आणि मगच 'हो' दाबतो.

– तृतीय वर्ष, कॉम्प्युटर