पाठवणारा ओळखीचा, सांगणारा कोण?

घिवलीत राहायचं म्हणजे दोन मोठ्या शेजाऱ्यांच्या संगतीनं राहायचं. एक तारापूरचं अणुऊर्जा केंद्र. देशातली पहिली अणुवीज इथे १९६९ साली तयार झाली. पुढे २००५-०६ मध्ये प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन अणुभट्ट्या आल्या आणि त्यांच्यासाठी अक्करपट्टी, पोफरण ही गावं उठली. दुसरा शेजारी बोईसरची एमआयडीसी. दोन्हीकडे कुंपणाच्या आत काय चाललंय ते आम्हाला दिसत नाही. समुद्राच्या पोटातलंही दिसत नाही म्हणा, पण त्याची भाषा इथल्या तांडेलांना पिढ्यान्‌पिढ्या कळत आली आहे. वाऱ्याचा अंदाज सांगणारा तांडेल दुसऱ्या दिवशी त्याच किनाऱ्यावर भेटतो. चुकला असेल तर चारचौघांत त्याला विचारता येतं. सांगितलेल्या गोष्टीची जबाबदारी सांगणाऱ्याच्या अंगावर राहते.

मोबाइलवर येणाऱ्या निरोपाची गोष्ट वेगळी आहे. तो येतो मावशीकडून, चुलत भावाकडून, शाळेतल्या जुन्या मित्राकडून. नाव ओळखीचं, फोटो ओळखीचा. मावशी माझं वाईट चिंतणार नाही, ही माझी खात्री असते आणि ती योग्यच आहे. पण त्या खात्रीच्या जोरावर मी एका अनोळखी माणसाचं वाक्य घरात घेतो. मावशीनं ते लिहिलेलं नसतं, पाहिलेलं नसतं. तिलाही ते कुणी तरी प्रेमानंच पाठवलेलं असतं. अशा दहा प्रेमळ हातांतून आलेल्या निरोपाचा मूळ माणूस कुणालाच ठाऊक नसतो. व्हॉट्सॲपनं आपल्या समाजात केलेला सगळ्यात खोल बदल मला हाच वाटतो. माणसावरचा विश्वास आणि बातमीवरचा विश्वास यांची त्यानं गल्लत करून टाकली.

या पट्ट्यात अशा गल्लतीला फार सुपीक जमीन मिळते. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूर औद्योगिक पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात मोठा स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले. असा आवाज झाला की इकडे प्रत्येकाच्या मनात आधी एकच प्रश्न येतो: ‘केंद्रात’ तर काही झालं नाही ना? त्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दहा मिनिटांत कुणी जबाबदार माणूस देत नाही. मग ती दहा मिनिटं मोकळी राहत नाहीत, ज्याच्या हातात फोन आहे तो ती भरून काढतो.

यासाठी आमच्या गावांना घाबरट म्हणणं अन्यायाचं होईल. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाचा अपघात झाला, तेव्हा किरणोत्सर्गी पाऊस येणार असा खोटा एसएमएस बीबीसीच्या नावानं आशियाभर फिरला आणि फिलिपिन्समध्ये त्यापायी लोकांनी घराबाहेर पडणं टाळलं. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या फुकुशिमासारख्याच, उकळत्या पाण्याच्या जातीच्या. त्या दिवसांत इथल्या माणसाला झोप लागली नसेल तर त्याचं काय चुकलं? भीती खरी होती. तिच्याशी खरं बोलणारं जवळ कुणी नव्हतं.

पालघरचं नाव समाजमाध्यमांच्या संदर्भात देशभर दोनदा गाजलं. पहिल्यांदा नोव्हेंबर २०१२ मध्ये. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली आणि पालघरच्या एका तरुणीनं त्या बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीनं त्याला लाइक दिलं. जमावानं तरुणीच्या काकांच्या रुग्णालयाची मोडतोड केली आणि अटक झाली ती या दोघी मुलींना. त्यांच्यावर लावलेल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-अ मध्ये कुणाला त्रास वा उपद्रव होईल असं लिहिणं हाही गुन्हा होता आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा होती. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीनं सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयानं हे कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केलं. देशातल्या प्रत्येक माणसाला आज ऑनलाइन बोलण्याचं जे संरक्षण आहे, त्याच्या मुळाशी आमच्या जिल्ह्याच्या गावातल्या दोन मुलींना सोसावी लागलेली रात्र आहे.

दुसऱ्यांदा १६ एप्रिल २०२० रोजी. टाळेबंदीत मुंबईहून सुरतेला अंत्यविधीसाठी निघालेले दोन साधू आणि त्यांचा चालक यांना डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले इथे जमावानं ठार मारलं. चोर आले आहेत, मुलं पळवणारे आले आहेत, अशा अफवा त्या भागात काही दिवस फिरत होत्या. राज्यानं हे आधी एकदा पाहिलं होतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना अशाच अफवेवरून मारण्यात आलं होतं. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच जणांना पाठवता येईल असं बंधन घातलं. गडचिंचलेच्या घटनेआधी जेमतेम नऊ दिवस, अनेकदा पुढे पाठवलेल्या निरोपांवर आणखी कडक मर्यादा आली होती. पण पाड्यावर एकाच्या फोनवर आलेली गोष्ट पुढे तोंडातोंडी जाते. फोनवर घातलेली मर्यादा तोंडाला लागू होत नाही.

त्याहून वाईट पुढे घडलं. हत्येच्या व्हिडिओतल्या ‘ओये बस’ या ओरडण्यात एका धर्माच्या माणसाचं नाव ऐकू येतं, असं देशभर पसरवलं गेलं. शेवटी तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून सांगावं लागलं की त्यात त्या धर्माचा एकही माणूस नाही. अफवेनं माणसं मारली आणि मेलेल्यांच्या नावावर दुसरी अफवा उभी राहिली.

या दोन घटना मी नेहमी शेजारी शेजारी ठेवून पाहतो. पहिलीत एक मुलगी स्वतःच्या नावानं, स्वतःच्या मनातलं बोलली आणि तिला कोठडी मिळाली. दुसरीत जे बोललं गेलं त्याला कर्त्याचं नावच नव्हतं आणि त्यावर शेकडो माणसं धावून गेली. नावानिशी बोलणाऱ्याला आपण भीती घालतो आणि निनावी गोष्टीला घरात पाट मांडतो. म्हणून अफवांवर उपाय म्हणजे बोलण्यावर आणखी कायदे, हे मला पटत नाही. माणसं आपल्या नावानं बोलायला घाबरू लागली की निनावी बोलण्याचंच फावतं.

हेच माध्यम जबाबदार माणसाच्या हातात असलं की काय करतं, हेही या किनाऱ्यानं पाहिलं आहे. जून २०२० च्या पहिल्या दिवसांत निसर्ग वादळ येतंय म्हटल्यावर पालघरच्या समुद्रातल्या बोटी माघारी बोलवायच्या होत्या. किनाऱ्यापासून दूर गेलं की मोबाइलची रेंज तुटते, तरी प्रशासन, मच्छीमार संस्था आणि घरची माणसं मिळेल त्या वाटेनं निरोप देत राहिली. वादळाचा इशारा हवामान खात्याचा होता, तो नावानिशी दिलेला होता आणि त्यात ठिकाण, तारीख, वेळ होती. ज्यानं तो पुढे पाठवला त्याला कुणाकडून आलं ते सांगता येत होतं. भीती तिथेही होतीच, पण त्या भीतीनं माणसं परत आणली.

मला वाटतं, काम दोन टोकांना करावं लागेल. एक टोक अणुऊर्जा केंद्राचं, कारखान्यांचं आणि प्रशासनाचं. आवाज झाला, वास आला, धूर दिसला की पहिल्या काही मिनिटांत, इथल्या माणसाच्या भाषेत, नाव सांगून बोललं पाहिजे. ‘अजून कळलेलं नाही, अर्ध्या तासात सांगतो’ एवढंही पुरे, आणि अर्ध्या तासानं खरोखर सांगितलं पाहिजे. दुसरं टोक आपल्या घरातलं. मावशीचा निरोप आला की तिला फोन करून एवढंच विचारायचं: ‘मावशी, हे तू पाहिलंस की तुला कुणी पाठवलं?’ हा प्रश्न विचारताना आपल्याला संकोच वाटतो, कारण आपण तिच्यावर अविश्वास दाखवतो आहोत असं वाटतं. पण मावशीवरचा विश्वास शाबूत ठेवायचा असेल तर तिच्या नावावर भलत्याचं वाक्य खपू देता कामा नये. गडचिंचलेच्या वाटेवर त्या आठवड्यात हा प्रश्न कुणी घरातल्या घरात विचारला असता, तर तीन माणसं कदाचित सुरतेला पोचली असती. तो विचारायला कायदा लागत नाही, पैसा लागत नाही. म्हणून तो विचारण्याची जबाबदारी आपल्यापैकी कुणालाच टाळता येणार नाही.