काळ्या मातीत खोचलेला काटा

तीन ग्लास घ्या. एकात आरओचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं, तिसऱ्यात बोअरच्याच पाण्यात चिमूटभर मीठ. कुंड्यांसाठी तीन-चारशे रुपयांना मिळणारा, बॅटरी नसलेला ओलीचा मीटर एकेका ग्लासात बुडवा. आरओच्या पाण्यात काटा ‘कोरडं’च्या बाजूलाच रेंगाळतो, बोअरच्या पाण्यात वर चढतो आणि मिठाच्या पाण्यात पार ‘ओलं’च्या टोकाला जातो. तिन्ही ग्लासांत पाणीच आहे, तरी काटा तीन वेगळ्या गोष्टी सांगतो. फुलंब्रीत घरच्या झाडांसाठी असा मीटर घेऊन कुणी विचारायला आलं, की मी आधी हाच प्रयोग करून दाखवते. हे यंत्र ओल मोजत नाही, ओलीतून वाहणारा विद्युतप्रवाह मोजतं, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

मीटरच्या दांड्या दोन वेगवेगळ्या धातूंच्या असतात. ओल्या मातीत त्या शेजारी-शेजारी गेल्या की छोटी बॅटरी तयार होते. व्होल्टाने १८०० साली दाखवलं ते हेच तत्त्व. प्रवाह किती वाहणार हे पाण्यावर ठरतं, त्यात विरघळलेल्या क्षारांवर ठरतं आणि दांडीला माती किती घट्ट चिकटली आहे यावरही ठरतं. सैल कोकोपीटमध्ये ओल असूनही काटा खाली राहतो. खत घातल्यावर तो उगाच वर जातो.

याच मीटरवरचं बटण ‘सामू’कडे सरकवलं, तरी आत वेगळं काही सुरू होत नाही. तोच प्रवाह दुसऱ्या पट्टीवर वाचला जातो. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ सोरेन्सन यांनी १९०९ साली मांडलेली सामूची मोजपट्टी हायड्रोजन आयनांची आहे. त्यासाठी काचेचा इलेक्ट्रोड लागतो. बॅटरीवर चालणाऱ्या पेनसारख्या सामू मीटरमध्ये तो असतो आणि तो पेन खरंच उपयोगी आहे. फक्त तो मातीत खुपसायचा नाही, काचेचा फुगा फुटतो. २० ग्रॅम माती ५० मिलिलिटर आरओच्या पाण्यात अधूनमधून ढवळत अर्धा तास ठेवा आणि मग वाचा. त्याआधी सोबत आलेल्या पुड्यांच्या द्रावणांत, म्हणजे ४.०१, ६.८६ आणि ९.१८ सामूच्या, पेन लावून घ्या. लावून न घेतलेल्या पेनचा आकडा मी वहीत लिहीत नाही.

मग दांड्यांचा स्वस्त मीटर फेकून द्यायचा का? नाही. एकाच कुंडीत, एकाच खोलीवर, पाणी घालण्याआधी रोज एकाच वेळी तो खोचला, तर कालच्यापेक्षा आज माती किती सुकली हे तो बऱ्यापैकी सांगतो. गुलाबाच्या कुंडीतला ४ आणि तुळशीच्या कुंडीतला ४ यांची तुलना मात्र करू नका. वाचून झालं की दांड्या पुसून ठेवा, मातीत राहिल्या तर गंजतात. धातू काळवंडला असेल तर पॉलिश पेपरने घासा.

आपल्याकडे अडचण वाढते ती मातीमुळे. गिरिजा नदीच्या दोन्ही अंगांना बसाल्टच्या झिजेतून झालेली काळी माती आहे आणि कुंडीतही बहुतेकदा शेतातून आणलेली तीच माती असते. तिच्यातली चिकण माती पाणी प्याली की फुगते, सुकली की आक्रसते. कुंडीच्या कडेला फट पडते. दांडी त्या फटीत गेली तर काटा ‘कोरडं’ दाखवतो आणि आतला गोळा ओलाच असतो. शिवाय ही माती पाणी घट्ट धरून ठेवते. वजनाच्या २० टक्के ओल असलेली रेताड माती झाडाला भरपूर पाणी देईल, पण तेवढ्याच ओलीच्या भारी काळ्या मातीत झाड माना टाकायच्या बेतात असतं. एक ते दहाच्या पट्टीला हा फरक कळणं शक्य नाही. शेतकरी मूठभर माती दाबतो, गोळा होतो का आणि अंगठ्याने हलकेच फुटतो का हे पाहतो, आणि वाफसा आला की नाही ते सांगतो. कुंडीतही बोटभर खोल माती काढून असंच करावं. छोट्या कुंड्यांना तर वजनकाटा सगळ्यात खरा: पाणी घालून निथळल्यावरचं वजन आणि पानं किंचित मलूल झाल्यावरचं वजन लिहून ठेवा, या दोहोंमध्ये पाण्याचा दिवस सापडतो.

पण पैसे एकाच उपकरणावर घालायचे असतील, तर मी टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार मोजणारा, पेन घ्यायला सांगेन. तोही काही शे रुपयांतच येतो. आपल्या घरगुती कुंड्यांना बोअरचं पाणी मिळतं आणि खडकातून आलेलं ते पाणी जड असतं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. समजा तुमचं पाणी तेवढंच आहे आणि मोठ्या कुंडीला रोज एक लिटर घालता. १०० दिवसांत कुंडीत ५० ग्रॅम क्षार गेले. पाणी उडून गेलं, झाडाने प्यायलं, क्षारांतला बराच भाग मागे राहिला. कुंडीच्या कडेला येणारं पांढरं पुट तेच. पावसाळ्यात उघड्यावरच्या कुंड्या धुऊन निघतात. दिवाळीपासून पुढच्या मृगापर्यंत साठा वाढत जातो, म्हणून मोजायला सुरुवात करायची ती दिवाळीलाच. पाणी वाया जाऊ नये म्हणून आरओ यंत्राचं सोडलेलं पाणी झाडांना घालणारी घरं खूप आहेत. त्या पाण्यात पेन बुडवून बघा, नळाच्या पाण्यापेक्षा आकडा वरच दिसेल, कारण गाळून काढलेले क्षार तिकडेच जातात.

मातीसाठी हाच पेन असा वापरा: कुंडीला पाणी घालून तासभर थांबा, मग थोडं आणखी घाला आणि खालून निथळणारं पहिलं पाणी वाटीत धरून मोजा. दर महिन्याला आकडा चढत असेल, तर कुंडी भरपूर पाण्याने धुऊन काढायची वेळ झाली.

मातीत दांडी खोचून नत्र, स्फुरद, पालाश सांगणाऱ्या स्वस्त यंत्रांवर मात्र विसंबू नका. प्रयोगशाळेत उपलब्ध स्फुरदासाठी ओल्सेन यांची १९५४ सालची, नत्रासाठी सुब्बय्या आणि असिजा यांची १९५६ सालची पद्धत आजही वापरतात. दोन्हीत मातीवर रसायनांची प्रक्रिया करावी लागते. दांडी वाहकतेवरून अंदाज बांधते आणि अंदाजाला मिलिग्रॅमचं रूप देते.

सगळ्यात जास्त विचारणा होते ती कढीपत्त्याची. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे केवडा. लोक ताक घालतात, मीटरवरचा सामू बघतात, पुन्हा ताक घालतात. सुक्या मातीवर थोडं व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे. १० टक्के चुनखडीच्या एक किलो मातीत १०० ग्रॅम चुनखडी असते आणि ती पुरती मारायला ९८ ग्रॅम शुद्ध गंधकाम्ल लागेल. वाटीभर ताक त्यापुढे टिकत नाही. हा केवडा लोहाच्या कमतरतेचा: मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे मुळांना ते मिळत नाही. मातीत हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, टाकली तर तिचंही तेच होतं. लिटरला ५ ग्रॅम हिराकस आणि थोडं सायट्रिक आम्ल घालून संध्याकाळी पानांवर फवारा, किंवा मातीत द्यायचं तर पाकिटावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेलं चिलेटेड लोह घ्या. ‘ईडीटीए’चं लोह इतक्या चुनखडीत तग धरत नाही. आणि पुढची कुंडी भरण्याआधी मातीचा अर्धा किलो नमुना तपासून घ्या. भरलेल्या कुंडीतली चुनखडी काढता येत नाही.