काचेतलं शिवार

मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या पुढे सरकला की घरात गार असं काही उरत नाही. दाराची कडी हाताला चटका देते, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातून कढत येतं, उशी उलटी केली तरी तिची दुसरी बाजू तेवढीच तापलेली. बारा ते पाच रस्ते ओस. कुत्रीसुद्धा गटाराच्या ओलीत पोट टेकून पडलेली. अशा दुपारी आमच्या बैठकीत शंभर लिटर पाणी काचेत उभं असतं आणि त्यात रान वाढत असतं. लांब पट्टीदार पानं वरपर्यंत पोचून पाण्यावर आडवी झालेली. त्यांच्या सावलीला तपकिरी, बुटक्या क्रिप्टोकोराइनची दाटी. पुढच्या बाजूला काळसर वाळूत मुळं रोवत निघालेली नीरब्राह्मी. मासेही आहेत, पण ते शोधावे लागतात. धुळ्याच्या मामी आल्या की खुर्ची ओढून टाकीसमोर बसतात आणि दर खेपेला विचारतात, "यामा मासा कोठे शेतस, भाऊ?"

मामींचं बरोबर आहे. फिश टँक म्हणजे मासे बघायचे, झाडं शोभेला, आणि तीही प्लास्टिकची चालतात, असा आपल्याकडचा रिवाज. माझ्याकडे मुख्य पीक झाडांचं आहे. मासे थोडे, लहान, आणि बऱ्यापैकी कामाला लावलेले: त्यांच्या विष्ठेतलं नत्र झाडं खातात, झाडांवरचं शेवाळ गोगलगायी खातात. बघायचं असतं ते वाढणं. ते एका बैठकीत दिसत नाही. सकाळी चहाच्या कपासोबत एक नजर, रात्री दिवा घालवताना एक. ॲम्बुलिया नावाच्या झाडाची पिसारलेली टोकं दिवा मालवण्याच्या वेळेआधीच मिटायला लागतात. दिवा चालू असतो, पण झाडाला आपली वेळ ठाऊक असते. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलं होतं.

खान्देशात ही टाकी राखायची म्हणजे उन्हाशी रोजचा व्यवहार आला. 25 अंशांच्या लिटरभर पाण्यात साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 35 अंशांच्या पाण्यात 6.9. म्हणजे ज्या दिवसांत पाण्यातल्या प्रत्येक जिवाचा श्वास वाढलेला, त्याच दिवसांत श्वासाचा साठा घटलेला. त्यात मे महिन्यातल्या रात्री वीज गेली तर पहाटेची वेळ फार वाईट. अंधारात झाडंही ऑक्सिजन घेतात, देत नाहीत. दिवसभर बुडबुडे सोडणारं रान रात्री माशांच्या वाट्यातलंच खातं. म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात लागतोच, मेणबत्तीच्या शेजारी.

मोठ्या शहरांतले शौकीन पाणी गार ठेवायला चिलर घेतात. किंमत ऐकून मी तो विषय सोडून दिला. आपल्याकडे माठाची विद्या आहे. टाकीचं झाकण काढायचं आणि पाण्यावर तिरका वारा पडेल असा एक छोटा पंखा बसवायचा. हिशेब सोपा आहे: एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना उरलेल्या शंभर लिटरमधून साडेपाच अंशांहून थोडी अधिक उष्णता ओढून नेतं. खोली त्यातली बरीच परत देते हे खरं, तरी तीन-चार अंश पदरात पडतात आणि तेवढ्यावर माशांचा उन्हाळा निघतो. मुंबईच्या दमट हवेत हाच पंखा एवढं काम करणार नाही, कारण तिथल्या हवेत आणखी वाफ घ्यायला फारशी जागा नसते. आमची हवा ओठ फोडते, टाचा फोडते, कपडे दोरीवर घालता घालता वाळवते. टाकीवर मात्र तिचे उपकार आहेत.

उपकार फुकट नाहीत. उडून जातं ते नुसतं पाणी. क्षार मागेच राहतात. आमच्या बोअरचं पाणी मुळात जड, बादलीच्या काठावर पांढरी रेघ ओढणारं. रोज उडालेलं पाणी त्याच बोअरच्या पाण्याने भरत गेलं तर टाकी आठवड्यागणिक खारवत जाते. कडक ऊन, बाष्पीभवन जोरात आणि निचरा नाही, मग क्षार वर येऊन बसणारच. ज्याच्या शेताचा एखादा तुकडा चोपण झालाय त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या नाहीतर साठवलेल्या पावसाच्या पाण्याने करायची आणि आठवड्याला पाव टाकी उपसून नवं पाणी घालायचं. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन उडेपर्यंत ते उघड्या बादलीत राहू द्यायचं. उपसलेलं पाणी आमच्या कढीपत्त्याला जातं. पाणीटंचाईच्या गावात हा शौक कशाला, असं विचारणाऱ्यांना मी तो कढीपत्ता दाखवतो.

या पाण्यात काय लावायचं हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर मला पांझरेकाठी मिळालं. धुळे जिल्ह्यात तिथे फड पद्धतीची जुनी व्यवस्था आहे. नदीवर ओळीने बंधारे, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालची गावची जमीन फडांत वाटलेली, आणि एका फडात सगळ्यांचं मिळून एक पीक. पाटकरी पाणी सोडतो, कोणी मधेच दारं फोडत नाही. जाणकार मंडळी तिचं कौतुक समान वाटपासाठी करतात आणि ते रास्तच आहे. मला त्यातली त्याआधीची पायरी जास्त पटली: आधी पाणी किती ते बघायचं, मग पीक ठरवायचं. नदीला पाणी चांगलं तर उसाचा फड. बेताचं तर कमी पाण्याचं पीक. फारच कमी असेल तर एखादा फड त्या वर्षी मोकळा सोडायचा. मनात आधी ऊस धरून मग पाण्याच्या मागे धावायचं, असा उफराटा कारभार त्या बंधाऱ्यांवर चालत नव्हता.

टाक्यांच्या शौकात नेमका तोच उफराटा कारभार चालतो. ताकाशी अमानो (1954 ते 2015) हे जपानच्या निगाता भागातले छायाचित्रकार. पाण्याखाली टेकड्या, कुरणं, पडलेले वृक्ष उभे करण्याची कला त्यांनी जगभर नेली. त्यांच्या टाक्यांचे फोटो पाहण्यात मीही तासन् तास घालवले आहेत आणि ते वेळेचं सार्थक होतं असंच मी म्हणेन. पण निगाता हा बर्फाचा मुलूख. जपानचं पाणी बहुतेक ठिकाणी हलकं, मऊ. तिथली बारीक पानांची हिरवळ जळगावात उगवायची तर कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर आला, चिलर आला, आरओचं पाणी पिंपाने आलं, आणि एवढं करून मे महिना आहेच. ज्याला परवडतं त्याने जरूर करावं. मी पांझरेचं ऐकलं.

आमच्या जड पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतं. बऱ्याच झाडांना त्याचा उपयोग नसतो, पण व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला यांना त्यातूनच कार्बन मिळवता येतो. त्यांना सिलिंडर लागत नाही. जे पाणी गिझरची कॉइल खातं ते पाणी त्यांचं जेवण आहे. या दोघी परक्याही नाहीत, भारतातल्या नद्या-तळ्यांत त्या पूर्वापार आहेत. हायड्रिला तर शाळेतूनच ओळखीची: चंचुपात्र, त्यात उलटं नरसाळं, त्यावर उलटी परीक्षानळी आणि नळीत चढणारे बुडबुडे. वहीत ती आकृती आपण सगळ्यांनी पट्टीने काढली. बुडबुडे मात्र शिक्षकांनी सांगितले म्हणून काढले. ते खरोखर चढताना बघायचे असतील तर दिवा लागल्यानंतर दोन-तीन तासांनी टाकीपाशी यावं. पाणी ऑक्सिजनने भरून पावलेलं असतं, मावेनासा झालेला वायू पानांच्या कडेने मण्यांची ओळ धरून वर सुटतो, आणि पंख्याची घरघर सोडली तर घरात दुसरा आवाज नसतो.

व्हॅलिस्नेरियाचा मान त्याहून मोठा. रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या इंग्रज रसायनतज्ज्ञाने 1849 साली एका काचपात्रात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाचं रोप ठेवलं. झाडाने माशांना तारलं, पण जुनी पानं कुजून पाणी बिघडायला लागलं. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं आणि शेवाळ फस्त केलं आणि पाणी निवळलं. 1850 साली त्याने हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीसमोर मांडला. मासा, झाड आणि सफाई करणारा जीव अशी ही तिघांची मांडणी आजही तीच आहे. मध्ये अदृश्य चौथे असतात, ते नंतर उलगडले: अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू. त्यांची वस्ती बसायला महिनाभर लागतो, तोवर टाकीत मासा सोडू नये. दुकानदार सोडा म्हणतो. सोडू नये.

व्हॅलिस्नेरियात नर आणि मादी झाडं वेगळी. मादीची कळी बारीक दोऱ्यासारख्या देठावर वर येते आणि पाण्याच्या पापुद्र्याशी उमलते. नराची फुलं खाली बुडाशीच असतात. ती सुटून वर येतात, तरंगत फिरतात आणि वाऱ्याच्या मर्जीने मादीच्या फुलाला भिडतात. मिलन झालं की तो देठ गुंडाळत जातो आणि फळाला पुन्हा खाली नेतो. दुकानांतली रोपं एकाच रोपाच्या धुमाऱ्यांनी वाढवलेली असतात. आमच्याकडची सगळी मादी निघाली. उन्हाळ्यात दोरे वर येतात, फुलं उमलतात, कोणी येत नाही, दोरे विरघळतात. झाडाचं त्यावाचून अडत नाही. ते वाळूखालून धुमारे सोडून सगळी टाकी भरून टाकतं. पण दोरा वर आलेला दिसला की मी त्या दिवशी पंखा जरा बाजूला वळवतो. याला शास्त्रीय कारण काही नाही.

हिरव्याचं वेड या मुलखाला नवं नाही. निर्झरास आणि फुलराणी लिहिणारे बालकवी धरणगावचे, आणि 1918 च्या मे महिन्यात ते गेले तेही जळगावला लागून असलेल्या भादली स्टेशनात, रुळांवर. इथल्या माणसाला हिरवं किती दिवस टिकतं हे माहीत असतं, म्हणून तो त्याकडे जरा जास्त बघतो.

खताचं सांगतो, कारण त्यात जळगावची चंगळ आहे. परदेशी बाटलीत पाण्यातल्या झाडांचं खत म्हणून जे मिळतं, ते मुख्यतः पोटॅशियम नायट्रेट, मोनो पोटॅशियम फॉस्फेट आणि थोडी सूक्ष्मद्रव्यं. रावेर-यावलच्या केळीला ठिबकमधून हेच जातं. कृषी सेवा केंद्रात तेरा-शून्य-पंचेचाळीस आणि शून्य-बावन्न-चौतीस म्हटलं की पोऱ्या न बघता पुडा काढतो. मालकाने पहिल्या वेळी सवयीने विचारलं, "किती एकर, दादा?" मी म्हटलं, "अडीच फूट बाय सव्वा फूट." त्यांनी चष्मा वर केला. समजावून सांगितल्यावर म्हणाले, मग किलोचा पुडा तुमच्या नातवालाही पुरेल. खरंच आहे: शंभर लिटर पाण्यात नायट्रेट 10 पीपीएमने वाढवायला पोटॅशियम नायट्रेट लागतं दीड ग्रॅमच्या जरा वर. तेच मालक पुढे कधी चिलेटेड फेरसची चिमूट कागदात बांधून देतात आणि विचारतात, पानं अजून पिवळी पडतात का? केळीची पानं ओळखणाऱ्या माणसाला टाकीतलं पिवळेपण सांगून कळतं. असा सल्लागार बाटलीसोबत येत नाही.

वाळूचंही तसंच. शेजारच्या बांधकामावर उरलेली दोन घमेली वाळू मागून आणली, चाळली, पाणी नितळ येईपर्यंत धुतली. त्याआधी मूठभर वाळूवर लिंबू पिळून बघितलं. फेस आला असता तर चुना आहे असं समजून परत दिली असती. 

नीरब्राह्मी पाटाच्या ओलीवरून आली. जमिनीवरची तिची पानं जाड, मेणचट. पाण्याखाली गेल्यावर ती पिवळी पडून गळू लागतात आणि नवखा माणूस रोप उपटून फेकतो. थांबायला हवं. शेंड्याला येणारी नवी पानं वेगळी असतात, पातळ, मऊ, बाजूच्या पाण्यातूनच सगळं शोषून घेणारी. वास्तव्य बदललं तशी तिने पानं बदलली.

आणि मग सगळंच इतकं वाढतं की दर पंधरवड्याला कात्री हातात घ्यावी लागते. बादलीभर छाटणी निघते. ती कुठे जाते याकडे लक्ष असू द्या, एवढं मात्र टाक्या ठेवणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगायचं आहे. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात आली ती शोभेची म्हणूनच, आणि आज ती काढायला यंत्रं लावावी लागतात. सकर मासा टाकीची काच साफ करतो म्हणून घरी येतो, हाताएवढा होतो, आणि कोणीतरी पुण्य म्हणून तो तलावात सोडतं. देशातल्या कितीतरी तलावांत आणि नद्यांत तो आता कोळ्यांच्या जाळ्यात येतो आहे. मेहरूण तलाव असो, नकाणे असो की पांझरेचा डोह, टाकीतलं रोप किंवा मासा तिथे सोडू नका. नाल्यातही नको, तो शेवटी तिथेच जातो. मोठा झालेला मासा दुकानात परत द्या. आणि छाटणी गच्चीवर पसरा. जळगाव-धुळ्याच्या उन्हात ती एका दुपारी वाळते, संध्याकाळी चुरून कुंडीत घालता येते.