रवीला न दिसणारे

‘जे न देखे रवी ते देखे कवी’ ही म्हण आपण कवीच्या कौतुकासाठी वापरतो आणि पुढे सरकतो. जयपूरच्या राजा पार्कात ती तेवढ्यावर सुटत नाही. नंबरांच्या गल्ल्या, दुकानांनी भरलेला रस्ता आणि डोक्यावर राजस्थानचा सूर्य. त्याच्या नजरेतून इथले काय सुटणार? सुटते ते इथे नाहीच: फाळणीनंतर या भागात वसलेल्या पंजाबी, सिंधी कुटुंबांनी मागे टाकलेली घरे. सूर्याला समोर असेल तेवढेच दिसते. कवीची नजर नसलेल्याकडे वळते. स्फूर्ती म्हणतात ती एवढीच असावी.

पण नसलेले अंगण तर घर सोडून आलेल्या प्रत्येक आजीला दिसत असणार. त्या सगळ्या कवी झाल्या नाहीत. १९४७ साली लाहोर सोडावे लागलेल्या अमृता प्रीतम यांनी आपल्या कवितेत हाक मारली ती अठराव्या शतकात ‘हीर’ लिहिणाऱ्या वारिस शाहला. दुःख ताजे, स्वतःचे. तरी ते बोलायला जुन्या कवीचा आधार लागला. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, पण जात्याच्या फेऱ्याची लय हातात मुरलेली होती. म्हणजे घडण आधी आणि दिसणे मागाहून, असे तर नव्हे?

घडणीला इतका मान दिला तर कवितेची कसरत होते, हा आक्षेप खरा आहे. मोरोपंतांवर तो नेहमी घेतला जातो. त्यांनी निरोष्ठ रामायण रचले, म्हणजे ओठांना ओठ न लावता म्हणता यावे असे. ही अट जरा जवळून पाहावी. प, फ, ब, भ, म वर्ज्य. ‘म’ गेला की राम गेला, लक्ष्मणही गेला. ‘भ’बरोबर भरत गेला. उकारही ओष्ठ्य मानला, तर शत्रुघ्नसुद्धा. चार भावांपैकी एकाचेही नाव घेता येत नाही; सीता तेवढी उरते. ज्या नावाने भक्त तरतो तेच नाव कवीने स्वतःला मना करावे आणि तरीही कथा त्याचीच सांगावी, याला नुसती कसरत म्हणायला माझे मन धजत नाही. इथे रामाचे नसणे अटीनेच निर्माण केले आहे, आणि प्रत्येक ओळीत कवीला त्या नसण्याला वळसा घालून जावे लागते.

तरीही गाठ सुटत नाही. पंजाबी घरांतही टप्पे, बोलिया अशी लोकगीते होती. लय बायकांच्या ओठांवर होती आणि हरवलेले अंगण डोळ्यांपुढे. काही गाणी त्या जोडत असतील आणि स्वयंपाकघरातच ती विरत असतील. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, कारण घरात ती ऐकून उतरवून घेतली जात होती आणि मुलगा सोपानदेव स्वतः कवी होता. मग फरक पाहणाऱ्या डोळ्यांत होता, घडवणाऱ्या हातांत होता, की शेजारी बसून कुणी लिहून घेण्यात, हे मला ठरवता येत नाही.