उपऱ्याची मिरास

पेशवेकालीन गावगाड्यात जमीन कसणाऱ्यांचे दोन वर्ग होते : एक मिरासदार, ज्याचा हक्क वंशपरंपरेने चालत आलेला असे आणि जो परागंदा झाला तरी त्याच्या वंशजांना पुढे परत येऊन आपली मिरास मागता येई, आणि दुसरा उपरी, जो ठरावीक मुदतीच्या कौलावर जमीन कसून सारा भरी आणि मुदत सरली की बिऱ्हाड पाठीवर घेऊन पुढच्या गावी जाई. गोतसभेत निवाडा होऊन महजर लिहिला जाई, तेव्हा साक्षीचा मान मिरासदाराचा. उपऱ्याच्या शब्दाला तितके वजन नसे. चाकरीपायी सारा जन्म बदल्यांत गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचताना आपण कोणत्या वर्गात मोडतो, हे निराळे सांगावे लागत नाही. निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात मी जमिनीचा तुकडा घेतला, रीतसर खरेदीखत झाले, सातबाऱ्यावर नाव चढले. परंतु तेवढ्याने गाव आपले होते, असा माझा अनुभव नाही.

गावाच्या वेशीबाहेर एक बारव आहे. लिंब येथील बारा मोटांच्या विहिरीसारखा तिचा लौकिक नाही. तेथील शाहूकालीन बांधकाम पाहावयास दुरून माणसे येतात, आमच्या बारवेला पाहुणा ठाऊक नाही. गावात नळ आले आणि गरज संपलेल्या वस्तूचे जे व्हायचे तेच तिचे झाले : पायऱ्यांवर गाळ, देवळ्यांत फुटक्या पणत्या, भिंतीच्या सांध्यांतून पिंपळ. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की काही तरुण टोपल्या-घमेली घेऊन गाळ उपसतात. त्यांच्यांत मीही सामील झालो.

पिंपळाचे प्रकरण मात्र गाळाहून नाजूक आहे. पाखरांच्या विष्ठेतून आलेले बी दोन घडीव चिऱ्यांच्या फटीत रुजते. बाहेर चारच पाने दिसत असली तरी मूळ चिऱ्याच्या पाठीमागे पसरलेले असते, आणि उत्साहाच्या भरात ते हिसडले तर मुळाबरोबर चिराही निखळतो. चुना न भरता केवळ घडणीवर आणि वजनावर तोललेल्या भिंतीत एक दगड हलला की वरचेही आपली जागा सोडू लागतात. म्हणून रोप कोवळे असतानाच अलगद उपटावे, थोराड झाले असेल तर दगडासरशी छाटावे, पुन्हा फुटवा आला की पुन्हा छाटावे, आणि हे दरसाल करीत राहावे. फलक लावून एका दिवसात उरकल्या जाणाऱ्या स्वच्छतामोहिमांविषयी माझ्या मनात किंचित अढी आहे, ती एवढ्याचसाठी, की पिंपळाला मोहिमेची तारीख कळवलेली नसते.

गाडगेबाबांचे स्मरण येथे अपरिहार्य आहे. 1905 साली त्यांनी घर सोडले, आणि 1956 मध्ये देह ठेवीपर्यंत ते गावोगाव हिंडत राहिले. गावात शिरताच हाती खराटा, दिवसा रस्ते झाडणे आणि रात्री कीर्तन, असा त्यांचा शिरस्ता. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे परक्यांच्या निवाऱ्यासाठी धर्मशाळा उभारणाऱ्या या पुरुषाला कोणते गाव परके वाटले असेल? परंतु त्यांचा दाखला मी स्वतःला लावून घेत नाही. विरक्ताला सर्वच गावे आपली होतात, प्रापंचिकाला एकच हवे असते, आणि तेही मोठ्या जिकिरीने मिळते.

दरसालच्या कामाने बारवेची काही माहिती माझ्या अंगी मुरली : कोणत्या पायरीवर पाय जपून टाकावा, आषाढात ओघळीचे पाणी कोठून आत शिरते, मोटेच्या थारोळ्याला कोणत्या बाजूने भेग गेली आहे. पुढे बारवेच्या वाटेवरून शेजारच्या शेतमालकाशी तंटा उद्भवला. तलाठी पंचनाम्याला आले आणि जुनी वाट नेमकी कोठून होती यावर जितके वृद्ध तितकी मते पडली. अखेर ज्यांनी तोवर रामराम यापलीकडे माझ्याशी शब्द काढला नव्हता असे एक गृहस्थ म्हणाले, “भाऊसाहेबास्नी इचारा की. गाळ त्येच वाहत्यात.” घमेले डोक्यावर घेऊन चढताना ज्या फरशीला हमखास ठेच लागे, ती मी गवतात दाखवली, कुदळीने माती खरवडली तेव्हा तशाच फरश्यांची ओळ थेट बांधाखाली शिरलेली निघाली. पंचनाम्यावर पंचांच्या सह्या झाल्या, त्यांत माझीही झाली, शेतमालकाने मात्र “हा काल आलेला माणूस आम्हाला वाट दाखवणार?” असा आक्षेप घेतला, आणि तलाठ्यांनी तोही शब्दशः लिहून घेतला.