गल्लीतल्या सुशीवाल्याचं देणं

सुशी म्हटलं की हल्ली लोकांना जिरो ओनो आठवतात. 2011 साली त्यांच्यावरचा माहितीपट आला आणि जगभर समज पसरला, की सुशी खायची ती श्वास रोखून, आचाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत आणि महिन्याचा पगार हातात घेऊन. आमच्या ताइशोंच्या दुकानात टीव्ही चालू असायचा. उन्हाळ्यात बेसबॉल, स्पर्धा असली की सुमो. गिऱ्हाईक पडद्याकडे बघत खायचं आणि ताइशोही सुरी चालवता चालवता खेळाडूंना शिव्या घालायचे. त्यांचं खरं नाव आम्ही कधी घेतलं नाही. सुशीच्या दुकानाच्या मालकाला सगळे ताइशोच म्हणतात आणि त्याच्या बायकोला ओकामीसान.

दुकान तोक्योच्या पूर्वेला, एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाईत होतं. 2000 सालच्या आसपास संगणकवाल्या भारतीयांची इथे रीघ लागली, त्याची कारणं साधी होती. तोझाई लाइन पकडली की निहोन्बाशी, कायाबाचो, ओतेमाची या कचेऱ्यांच्या भागात थेट उतरता येतं. शिवाय इथल्या निमसरकारी वसाहतींत घर भाड्याने घ्यायला जामीनदार लागत नाही आणि घरमालकाला परत न मिळणारी ‘भेट’ही द्यावी लागत नाही. परदेशी माणूस बघून दार लावून घेणारे दलाल ज्यांनी पाहिलेत, त्यांनाच याची किंमत कळेल. आम्ही सेइशिनचोत सातव्या मजल्यावर राहत होतो. ही सगळी जमीन भराव टाकून समुद्रातून काढलेली. ताइशोंच्या वडिलांची पिढी याच किनाऱ्यावर नोरीची, म्हणजे सुशीभोवती गुंडाळायच्या समुद्री शेवाळाची, शेती करायची. समुद्र बुजला तसे ते सुशीकडे वळले. ताइशो एकदा म्हणाले, ‘तुमचं स्वयंपाकघर आहे ना, तिथे आमच्या नोरीच्या काठ्या होत्या.’

मी पहिल्यांदा आत शिरलो तो निव्वळ दाराबाहेरचा भाव वाचून. दुपारचं ‘नामी’ ताट, साडेआठशे येन. सुशीच्या दुकानात नामी, जो, तोकुजो अशी चढती पायरी असते आणि नामी सगळ्यांत खालची. त्यात आठ सुशी, एक छोटा रोल, मिसोचं सूप, आलं आणि हवा तेवढा चहा. मी मालवणचा. मासे आम्हाला सांगायचे नाहीत, पण कच्चे? घास तोंडापर्यंत जाऊन थांबला होता. ताइशोंनी ते टिपलं. काही न बोलता त्यांनी ताटाच्या एका कडेला चार तुकडे वेगळे मांडले. उकडलेली कोळंबी, गोडसर रसात मुरवत शिजवलेला आनागो (आपल्या वामेच्या अंगाचा मासा), अंड्याची वडी, आणि चौथा शिमेसाबा. साबा म्हणजे बांगड्याचाच नातेवाईक. त्याला आधी भरपूर मीठ लावून ठेवतात, मग धुऊन व्हिनेगरमध्ये घालतात. बाहेरून मांस पांढरं पडतं, आत मात्र गुलाबीच राहतं. आमच्या घरी बांगड्याला मीठ आणि आगळ लावून ठेवत, त्यामुळे ती आंबट चव जिभेने लगेच ओळखली. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो.

नंतर कळलं, की एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, सुशीत निव्वळ कच्चं असं फार थोडंच असायचं. 1820च्या दशकात हानाया योहेईने ही हाताने दाबलेली सुशी नावारूपाला आणली तेव्हा बर्फाचं कपाट कुठे होतं? मासा टिकवायचा तर मिठात, व्हिनेगरमध्ये, नाहीतर सोयाच्या रसात. ही गाडीवरची, उभ्याउभ्या खायची वस्तू होती. पुण्यात आता एका रोलला जे पैसे मोजतात ते ऐकून योहेईने गाडी बंद केली असती.

ताइशोंचा जीव होता कोहादावर. हा तारलीच्या भावकीतला, वीतभर लांबीचा, चंदेरी ठिपक्यांचा स्वस्त मासा. पाठ न तोडता तो पोटाकडून उघडायचा, मीठ भुरभुरायचं आणि थांबायचं. किती वेळ, ते माशाच्या आकारावर, चरबीवर, त्या दिवशीच्या उकाड्यावर. ताइशो घड्याळ बघत नसत. बोटाने दाबून बघायचे, मीठ धुवायचे, व्हिनेगरमधून काढायचे आणि निथळायला चाळणीत तिरके रचून ठेवायचे. भात दाबायला तर त्यांना तीन-चारच हालचाली लागत. हातात उचलला तर न सुटणारा आणि तोंडात गेला की सुटणारा भात. ट्यूना कोणीही विकत आणेल, कोहादा खाऊन दुकान ओळखावं, असं ते म्हणायचे.

माझी बायको पुण्याची, शाकाहारी. तिला घेऊन गेलो तेव्हा वाटलं, काकडीच्या रोलवर भागवावं लागणार. ताइशोंनी दोनच प्रश्न विचारले. अंडं चालतं का, आणि माशाचा अर्क? अर्क चालत नाही म्हटल्यावर ते ‘शोजिन’ एवढंच म्हणाले. शोजिन म्हणजे बौद्ध मठातलं सात्त्विक जेवण. झालं. पुढच्या खेपेपासून तिच्यासाठी भोपळ्याच्या सुकवलेल्या पट्ट्या आणि तळलेल्या तोफूच्या पिशव्या वेगळ्या पातेल्यात शिजू लागल्या. बोनितो माशाच्या अर्काऐवजी कोम्बू या समुद्री शेवाळाचं पाणी. साडेआठशे येनच्या गिऱ्हाइकासाठी वेगळं पातेलं! बिलात त्याचा एक येन कधी चढला नाही.

पाहुणे आले की ताइशो त्यांच्या छोट्या मोटारसायकलवरून घरी सुशी पोहोचवायचे, लाकडाच्या गोल लाखी परातीत. खाऊन झालं की परात धुवून दाराबाहेर ठेवायची, ते येऊन घेऊन जातात, ही तिथली रीत. बायकोला मात्र रिकामं भांडं परत करणं जमेना. तिने परातीत बेसनाचे लाडू ठेवले. दुसऱ्या दिवशी ओकामीसान पेचात पडून दारात हजर. विसरलात की काय? खुलासा झाल्यावर त्यांनी वाकून आभार मानले, आणि आठवड्याच्या आत नोरीचं पाकीट घरी आलं. मग चिवडा गेला. मग पर्सिमन आले. त्यांच्याकडेही घेतलेलं तसंच ठेवून घेण्याची पद्धत नाही, त्यामुळे हे प्रकरण थांबायचं कसं ते दोन्ही घरांना कळेना.

11 मार्च 2011, शुक्रवार. दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी भूकंप झाला तेव्हा मी कायाबाचोतल्या कचेरीत होतो. गाड्या बंद, फोन लागेना. एइताई रस्त्याने माणसांचा लोंढा पूर्वेकडे चालला होता, त्यात मीही. कासाईबाशी पुलावरून आराकावा नदी ओलांडताना खाली बघवत नव्हतं. घरी लिफ्ट बंद. सात मजले चढून पोहोचलो तर दाराला कुलूप आणि दारावर चिकटवलेला कागद: ‘सुशीच्या दुकानात आहेत.’ मोठ्या अक्षरांत, सगळं सोप्या हिरागाना लिपीत. मला कांजी चित्राक्षरं धड वाचता येत नाहीत हे ओकामीसानना माहीत होतं. साठी उलटलेली ती बाई धक्के चालू असताना जिना चढून गेली होती आणि माझ्या बायकोला आणि आठ महिन्यांच्या मुलीला खाली घेऊन आली होती. दोघी तातामीच्या चटईवर बसल्या होत्या. मुलगी झोपलेली. टीव्हीवर सेंदाईच्या किनाऱ्यावरच्या त्सुनामीची दृश्यं होती आणि ताइशो पहिल्यांदाच गप्प होते.

मग फुकुशिमाच्या अणुप्रकल्पातल्या अपघाताच्या बातम्या आल्या आणि लोक देश सोडू लागले. मुलीचा पासपोर्ट अजून हातात यायचा होता, म्हणून आम्ही अडकलो. ओळखीची बरीच कुटुंबं तोवर भारतात पोहोचली होती. 23 मार्चला जाहीर झालं, की कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किलोमागे 210 बेकरेल किरणोत्सारी आयोडीन सापडलंय, तान्ह्या बाळांसाठी मर्यादा 100 आहे, त्यांना नळाचं पाणी देऊ नका. आमच्या भागाला पाणी तिथलंच. तासाभरात दुकानांतल्या बाटल्या संपल्या. दुसऱ्या दिवशी सरकारने बाळामागे 550 मिलिलीटरच्या तीन बाटल्या वाटल्या, पण त्या रात्रीचं काय? आठच्या सुमाराला खाली मोटारसायकल थांबली. ताइशोंनी मागच्या पेटीतून दोन-दोन लिटरच्या सहा बाटल्या काढल्या. ओकामीसान सोबत होत्या, चष्मा कपाळावर. त्यांनी प्रत्येक लेबलावर पाण्याच्या जडपणाचा आकडा तपासला होता. जड पाणी बाळाच्या पोटाला बाधतं, म्हणून फ्रान्सची बाटली त्यांनी दुकानातच ठेवली होती. मी पाकीट काढलं तर ताइशो चिडले. खरंच चिडले.

पासपोर्ट आला, मायलेकी पुण्याला गेल्या, मी राहिलो. त्या वसंतात लोकांनी बाहेर जेवणंच सोडलं होतं. दुकान रिकामं. मी रोज संध्याकाळी जाऊन बसायचो. कधी ‘जो’ मागवलं तरी ताइशो नामीच पुढे ठेवायचे. पैसे उडवू नको, घरी पाठव, म्हणायचे. त्यामुळे उपकार फेडायचा तोही मार्ग बंद. वर्षअखेर मायलेकी परतल्या. मुलगी तिथेच बिनवासाबीची सुशी खात वाढली, ‘साबी-नुकी’ हा शब्द ती ‘आजी’च्या आधी बोलली.

ऑक्टोबर 2018 मध्ये त्सुकिजीचा मासळीबाजार तोयोसूला हलला आणि ताइशोंनी दुकान बंद केलं. नव्या जागी नव्याने ओळखी करायचं वय नाही, म्हणाले. मुलगा बँकेत. गल्लीतली अशी दुकानं आता बंदच होत आहेत. एका बाजूला फिरत्या पट्ट्याच्या साखळ्या, दुसऱ्या बाजूला महागडे काउंटर.

आम्ही आता पुण्यात असतो. दिवाळीला पार्सल जातं, नव्या वर्षाला नोरी येते. गेल्या खेपेला चकलीचा पार चुरा होऊन पोहोचला. ओकामीसाननी कळवलं, की ताइशोंनी तो गरम भातावर भुरभुरून चार दिवस पुरवला. पुढच्या वेळी चुराच पाठवा, आणि तिखट थोडं वाढवा.